ओतलेल्या लोखंडाचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात, मी कॉस्टिंग आणि कोटेशनचे काम पाहते. आमच्या बहुतेक कोटेशनांचा निकाल किलोमागे दोन-तीन रुपयांवर लागतो. पिग आयर्न (कच्चे लोखंड) गोवा-कर्नाटकातून येते, मोल्डिंगची (साचे करायची) वाळू सिंधुदुर्गातून येते, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही वसाहतींतील फाउंड्र्या हा माल जवळपास सारख्याच भावाने घेतात. त्यामुळे ग्राहक तीन रुपये कमी करा म्हणतो तेव्हा ते कशातून कमी करायचे, याचे उत्तर कच्च्या मालात सहसा सापडत नाही. ते आपल्याच हिशेबात शोधावे लागते. गेल्या पावसाळ्यात ते शोधताना जे हाती आले, त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

पुण्याकडच्या एका पंप कंपनीला आम्ही बेअरिंग हाउसिंगचे कोटेशन दिले होते. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून चिवट केलेले ओतीव लोखंड), ग्रेड ५००/७. कच्च्या कास्टिंगचे (ओतीव नगाचे) वजन २२ किलो. महिन्याला १,५०० नग. दर किलोला ११८ रुपये. सकाळी त्यांच्या परचेस विभागाचा मेल आला की दर ११५ करा आणि खर्चाची फोड आज संध्याकाळपर्यंत पाठवा. साहेबांनी मेल वाचून मला केबिनमध्ये बोलावले. "मॅडम, महिन्याला तेहतीस टनांचं काम आहे. तीन रुपये सोडू म्हणतोय मी. पण सोडल्यावर आपल्या पदरात काय पडतंय, तेवढं बघून सांगा."

ईआरपीत, म्हणजे हिशेबाच्या संगणक प्रणालीत, पाहिले तर ११८ च्या दराला किलोमागे ५ रुपये उरत होते, म्हणजे ११५ ला २ रुपये. एवढेच सांगून मी मोकळी होऊ शकले असते. परंतु फोड ग्राहकाकडे जाणार होती, आणि ग्राहकाला द्यायचा प्रत्येक आकडा कोठून आला हे पाहिल्याशिवाय मी तो पाठवत नाही. म्हणून साचा आणि ओतण्याची पद्धत ठरवणाऱ्या मेथड विभागाचा कागद मागवून तो बीओएमशेजारी, म्हणजे नगाला काय किती लागते त्या यादीशेजारी, ठेवला. मेथडच्या कागदावर दोन वजने होती: कास्टिंग २२ किलो आणि ओतायचे लोखंड ३५.५ किलो, म्हणजे यील्ड (ओतलेल्या लोखंडापैकी कास्टिंगमध्ये राहणारा वाटा) ६२ टक्के. बीओएममध्ये मात्र वीज, मॅग्नेशियमची मिश्रधातू आणि वितळताना होणारी घट ही तिन्ही २२ किलोवरच धरलेली होती. उरलेले साडेतेरा किलो रनर-रायझर (लोखंड साच्यात नेणाऱ्या वाटा आणि आकसण्याची भरपाई करणारे जादा लोखंड) भट्टीत परत जाणारे रिटर्न म्हणून पूर्ण किमतीने जमा झालेले दिसत होते.

हे असे का होते, हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटले, कारण बीओएमचा हा साचा बसवणाऱ्यांनी तो विचार करूनच बसवला होता. त्या काळी आमच्याकडे जवळजवळ सगळे काम सीआयचे, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाचे, होते. महिन्याच्या बिलातील भट्टीचे युनिट भागिले पाठवलेला माल, असे करून किलोला ०.८ युनिट हा आकडा काढलेला होता. तो त्या मालासाठी अगदी बरोबर होता: इंडक्शन भट्टीला टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, सीआयचे आमचे यील्ड ७५ टक्के, आणि ६०० ला ०.७५ ने भागले की ८०० येतात. म्हणजे यील्ड त्या आकड्याच्या पोटात लपलेले होते. एसजीचे काम वाढत गेले तसे ते बदलले. एसजी गोठताना आकसण्याची भरपाई करायला त्याला मोठी रायझर द्यावी लागतात, म्हणून प्रत्येक नगामागे जास्त लोखंड वितळवावे लागते. बिलातली वाढ दिसत होती, पण ती वीजदराच्या खात्यावर जात होती. महाराष्ट्रातील वीजदराबद्दल कोल्हापूरच्या उद्योजकांची तक्रार जुनी आहे आणि ती खरीही आहे, त्यामुळे बिल वाढण्याचे दुसरे कारण कोणी शोधले नव्हते.

कागदावरच्या ६२ टक्क्यांवर विसंबून साहेबांना काही सांगणे मला पटेना. तशाच वजनाचे दुसरे एक एसजी कास्टिंग त्या दिवशी चालू होते. भट्टीवरचे सुपरवायझर, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांना मी विनंती केली आणि त्यांनी नॉकआउट झालेल्या (वाळू फोडून मोकळ्या केलेल्या) चार मोल्डचा माल बाजूला काढून ठेवला. सीआयचे रायझर हातोड्याच्या एका घावात तुटते. एसजीचे चिवट असते, दोन-तीन घाव घातले तरी मानेशी वाकून राहते. सगळे सुटे झाल्यावर कास्टिंग एकीकडे आणि रनर-रायझर दुसरीकडे असे वजनकाट्यावर घेतले. यील्ड साडेएकसष्ट टक्के भरले. मामांनी हीट नंबरासह (भट्टीच्या त्या घाण्याच्या नंबरासह) ते स्वतःच्या रजिस्टरात लिहिले आणि म्हणाले, "हे आम्हाला रोज दिसतंय, मॅडम. वर कुणी इचारलं न्हाई एवढंच."

साहेबांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "रिटर्न परत भट्टीतच जातंय न्हवं? मग त्याचा खर्च कसला?"

"लोखंड परत येतं, साहेब. ते वितळवायला जाळलेली वीज परत येत नाही. आणि मॅग्नेशियम तर पुन्हा वितळताना जळूनच जातं."

मग मी एका नगाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. वीज १७.६ युनिट धरली होती, लागतात २१.३; साडेआठ रुपयांनी ३१ रुपये. मॅग्नेशियमची मिश्रधातू दीड टक्का, ती साडेतेरा किलोवर धरायची राहिली. आमच्या खरेदीच्या दराने ३० रुपये. त्याच साडेतेरा किलोवरची तीन टक्के घट १८ रुपये. एकूण ७९ रुपये, म्हणजे किलोला जवळजवळ ३ रुपये ६० पैसे. पाच रुपये उरतात असे वाटत होते तेथे १ रुपया ४० पैसे उरत होते, आणि ११५ ला दर दिला असता तर किलोला १ रुपया ६० पैसे पदरचे गेले असते. ग्राहक जे तीन रुपये मागत होता, ते आम्ही त्याला आधीच देऊन बसलो होतो. साहेबांनी कॅल्क्युलेटर घेऊन सगळे स्वतः पुन्हा केले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

कोटेशनची मुदत संपलेली नव्हती. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे समोरच्याची स्वीकृती पूर्ण होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो, आणि येथे तर त्यांनी आमचा दर स्वीकारलाच नव्हता. तरीही एकदा दिलेला दर वाढवणे साहेबांच्या जिवावर आले होते. त्यांचे म्हणणे असे की शब्द मोडायचा असेल तर कारण समोरच्याला पटले पाहिजे. म्हणून फोडीत ओतलेल्या लोखंडाची स्वतंत्र ओळ घालून ती आम्ही दुपारीच पाठवली आणि त्यांच्या कास्टिंग इंजिनिअरशी बोलण्याची वेळ मागितली.

तो फोन मला फार आवडला. परचेसवाले पुन्हा पुन्हा दरावर येत होते, पण इंजिनिअर थेट यील्डवर आले. एका मोल्डमध्ये दोन नग समोरासमोर ठेवून दोघांत मिळून एकच रायझर देता येईल का, असे त्यांनी विचारले. त्यासाठी हाउसिंगच्या एका बाजूला मशीनिंगची थोडी जादा जाडी लागणार होती आणि ती देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. पॅटर्न (वाळूत साचा उमटवायचा नमुना) अजून तयार झालेला नव्हता, त्यामुळे बदलाला वेगळा खर्च नव्हता. आमच्या मेथडवाल्यांनी तेथेच हिशेब करून ७२ टक्के यील्ड येईल असे सांगितले. तसे झाल्यास ७९ रुपयांचा फरक ३७ वर येत होता, म्हणजे किलोला १ रुपया ७० पैसे. आम्ही ११९ रुपये ७० पैसे हा दर मांडला. अर्ध्या तासाने त्यांचा होकार आला; अट एवढीच की सॅम्पलच्या हीटचे यील्ड त्यांच्या माणसासमोर मोजायचे.

आम्ही ईआरपीनेक्स्ट वापरतो. त्यात सबमिट केलेले कोटेशन खोडून बदलता येत नाही. ते रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते आणि तिच्या नंबरापुढे -१ लागतो. मला ही शिस्त मोलाची वाटते, कारण जुना दर आणि नवा दर दोन्ही नोंदीत राहतात आणि पुढे कोणी विचारले तर मधला फरक दाखवता येतो. बीओएमचीही नवी आवृत्ती केली, त्यात वीज, मॅग्नेशियम आणि घट ओतलेल्या वजनावर नेली आणि कोटेशनवर यील्डसाठी वेगळा रकाना जोडला. आता मेथडचा आकडा भरल्याशिवाय एसजीचे कोटेशन माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.

सॅम्पलला यील्ड ७१ टक्के आले. त्याच आठवड्यात मुदत न संपलेली एसजीची सगळी कोटेशने काढून साहेबांसोबत एकेक तपासली. ज्यांत फरक किलोला रुपयाच्या आत होता ती तशीच ठेवली, बाकीच्या ग्राहकांना साहेबांनी स्वतः फोन केले. दोघांनी वाढ मान्य केली, एकाने काम दुसरीकडे दिले. फेटलिंगचा, म्हणजे रायझर तोडून कास्टिंग साफ करण्याचा, दर मात्र अजून सीआय आणि एसजीला एकच आहे. त्या चिवट रायझरवर किती वेळ जातो याची नोंद मामांनी आता सुरू केली आहे, आणि महिन्याभराचे आकडे हाती आले की तो दरही वेगळा करायचे ठरले आहे.