चवथीच्या आरत्यांच्या कॅसेटी आणि ती घूं घूं

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन देतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खरखर जाईल ना सगळी?" जाते की. सगळी जाते, आणि तिच्याबरोबर कासाळ्यांची (आमच्याकडच्या झांजांची) किणकिण जाते, घुमटाचा (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेल्या वाद्याचा) घुमारा जातो, आणि उरतं ते विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी आरती म्हणतंय असं काहीतरी. म्हणून मी थोडी खरखर ठेवतो, आणि त्यावरून आमच्या वाड्यावर माझं बऱ्याच जणांशी वाजलंय.

झालं असं की फोंड्याकडच्या आमच्या भजनी मंडळातल्या एका बुवांनी कॅसेटींचा डबा आणून दिला, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, घुमट आरत्या, कुणाच्या तरी घरच्या टेपरेकॉर्डरवर गणपतीसमोर बसून भरलेल्या. म्हणाले, "पळय बाबा, कितें जाता तें," म्हणजे बघ बाबा काय होतं ते. आता गोव्याचा पावसाळा म्हणजे चामड्याच्या चपलांना बुरशी येते तिथे कॅसेटी काय टिकणार, काहींच्या रिळावर पांढरी बुरशी स्पष्ट दिसत होती. तसल्या कॅसेटी चांगल्या डेकमधे (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घालायच्याच नाहीत, बुरशी हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीला. त्या बाजूला ठेवल्या, बाकीच्यांच्या मागच्या टॅब तोडल्या (चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलं सगळं), एकदा पूर्ण पुढे एकदा पूर्ण मागे फिरवून घेतल्या म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटून बसलेली टेप जरा मोकळी होते, आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत १९९९ मधे सुरू झालं आणि २००० मधे लोकांसाठी आलं, तेव्हापासून आहे आणि अजून जोरात आहे. दिसायला सरकारी फॉर्मसारखं पण काम करतं. यापेक्षा भारी सॉफ्टवेअर आहेत, पण घरी बसून आरत्या साफ करायला एवढं पुरे.

डेकमधून वायर काढायची ती कॉम्प्युटरच्या लाइन-इनमधे घालायची, म्हणजे डेस्कटॉपच्या मागचं निळं भोक. गुलाबी भोक माइकचं, त्यात घातलं तर आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुतेक लाइन-इन नसतंच, मग छोटा यूएसबी साउंड कार्डचा डबा घ्यावा लागतो. लेव्हल अशी ठेवायची की सगळ्यात जोरात घुमट वाजतं तेव्हाही मीटर वरच्या टोकाला टेकत नाही, कारण कॉम्प्युटरमधे वरचं टोक फाटलं की ते परत शिवता येत नाही, आणि कमी भरलेलं मात्र नंतर वाढवता येतं. आरती सुरू होताना सगळे हळू म्हणतात आणि शेवटाकडे घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे आणि पोरांचा आरडाओरडा सगळं एकदम येतं, तेव्हा लेव्हल सुरुवातीला नाही तर शेवटाला बघून लावायची.

आता ती घूं घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग धड नसलं की मागे सतत घूं ऐकू येते. आधी बघायचं की ती तुमच्या घरातली आहे की टेपमधली. डेक पॉजवर ठेवून रेकॉर्ड करा, तरी घूं आली तर ती आजची, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते. पॉजवर शांत आणि टेप फिरायला लागल्यावर घूं, तर ती त्या काळातली, म्हणजे तेव्हाच्या टेपरेकॉर्डरला लागलेल्या विजेची घूं त्या फितीत बसलीय.

आणि ही जुनी घूं उडवायच्या आधी तिच्याकडून एक काम करून घ्यायचं, मला या सगळ्या भानगडीतलं हेच सर्वात आवडतं. ऑडॅसिटीत अ‍ॅनालाइझमधे प्लॉट स्पेक्ट्रम आहे, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, गाणं नसलेला तुकडा निवडायचा, साइझ मोठ्यात मोठी ठेवायची आणि घूंचं टोक कुठे येतं ते बघायचं. बुवांच्या एका कॅसेटीत ते ५२ च्या आसपास आलं. वीज ५० ची, टोक ५२ ला, म्हणजे कॅसेट आता चार टक्के जास्त स्पीडने फिरतेय. तिकडे पेटी ऐकली तर ती ना काळी एक ना पांढरी दोन, मधेच कुठेतरी लटकलेली, आणि पेटी तर अशी मधे वाजत नाही, एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीचं अंतर साधारण सहा टक्के असतं. मग चेंज स्पीड अँड पिचमधे (जुन्या ऑडॅसिटीत नुसतं चेंज स्पीड) वजा ३.८५ टाकलं आणि पेटी बरोबर काळी एकवर येऊन बसली. नुसतं चेंज पिच वापरू नका, त्यात सूर बदलतो पण लय तशीच राहते, आणि इथे तर लयही धावत होती. विजेचा आकडा त्या काळी खालीवर व्हायचा, त्यामुळे एकट्या घूंवर भरवसा नको, पेटीशी ताडून बघायचंच. मोजून झालं की मग नॉच फिल्टरने (ठरावीक एकच आकडा कापणाऱ्या) ५० काढा, १०० पण लागलं तर काढा, पण बारीक.

बारीक म्हणतो कारण घुमट. आमच्याकडे पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याखाली घोरपडीला संरक्षण आहे, आणि हल्ली बकरीचं कातडं लावतात. वाजवणारे सांगतात की आवाजात फरक आहे. मला तो फरक तोंडी सांगता येणार नाही पण या कॅसेटींत तो जुना आवाज आहे, आणि तो बराचसा खालच्या पट्ट्यातच आहे, जिथे लोक घूं काढायला म्हणून सरसकट हाय-पास (खालचा सगळा आवाज कापणारा फिल्टर) लावून मोकळे होतात. नका ना लावू.

वरच्या बाजूला खरखर. त्यासाठी नॉइज रिडक्शन, आरती सुरू व्हायच्या आधीचा नुसत्या खरखरीचा तुकडा निवडून गेट नॉइज प्रोफाइल म्हणायचं, मग सगळं निवडून इफेक्ट लावायचा. खरखर किती कमी करायची त्या आकड्यात बारा डेसिबलला मी हात लावत नाही, सहावर थांबतो. आणि त्याच खिडकीत रेसिड्यू नावाचा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू ऐकलं की काय काय कचऱ्यात जातंय ते ऐकू येतं. त्यात नुसती सूं सूं असेल तर ठीक. त्यात कासाळे किणकिणताना ऐकू आले तर तुम्ही आरतीच फेकताय, आकडा कमी करा. बुवांच्या मुलाला मी हेच ऐकवलं, तो "अजून साफ कर" म्हणत होता, कचऱ्यात बापाचा आवाज ऐकल्यावर गप्प झाला.

आणखी एक, घरगुती टेपरेकॉर्डर बहुतेक मोनो, म्हणजे डावीउजवीकडे आवाज तोच पण खरखर वेगवेगळी. दोन्ही मिसळून मोनो केलं की खरखर तीनेक डेसिबल आपोआप कमी होते, गाण्याला धक्का न लावता. फक्त हेडजवळचा, त्याचा कोन ठरवणारा छोटा स्क्रू नीट जुळलेला पाहिजे, तो वाकडा असला तर मिसळताना वरचे सूर मरतात. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवायचा, आवाज सगळ्यात टणक वाटला की सोडायचा. दर कॅसेटीला थोडा वेगळा बसतो, वैताग आहे पण फरक कान फुटेल इतका आहे.

शेवटी एकेका आरतीला लेबल लावून एक्सपोर्ट ऑडिओमधे मल्टिपल फाइल्स (जुन्या ऑडॅसिटीत एक्सपोर्ट मल्टिपल), म्हणजे तुकडे वेगवेगळे निघतात. वेव्हमधे (WAV, आवाज न दाबलेली फाइल) ठेवायचं, स्टिरिओ असेल तर मिनिटाला साधारण दहा एमबी, तासाच्या कॅसेटीला सहाशेच्या वर, आज एवढं काही नाही. मंडळाला वाटायला एमपीथ्री, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. बुरशीवाल्या कॅसेटींसाठी एक जुना पडीक डेक शोधतोय, हेडचं वाटोळं झालं तरी चालेल असा, फक्त बेल्ट तुटलेला नको. फोंडा, म्हार्दोळ, कुंडई कुठेही कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर सांगा, मी येऊन उचलतो.