कुठला पाटील?

आत्तीच्या साडेआठच्या मालिकेत कंपनीचा मालक गेले पाच महिने स्वतःच्याच कंपनीत कारकून म्हणून राबतोय आणि त्याला कुणी ओळखलेलं नाही. ओळखू नये म्हणून त्यानं काय केलंय? चष्मा लावलाय आणि केस तेल लावून चापून बसवलेत. बस्स. ज्या पोरीवर त्याचं मन जडलंय ती त्याची साहेब. तिला मालकाचा भयंकर राग आणि कारकुनाबद्दल माया. केबिनमध्ये मालक म्हणून बसलाय तो त्याचा मित्र, आणि त्या मित्राला खरा मालक समजून एका उद्योगपतीची कन्या त्याच्यावर टपलीय. शिवाय एक काका आहेत. त्यांच्या हातात कायम निळी फाईल असते.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, अकाउंट्स बघतो. त्यामुळे प्रेमाबिमाच्या आधी मला वेगळेच प्रश्न पडतात. या कारकुनाचा पगार कुणाच्या खात्यावर जमा होतो? पीएफला यूएएन, म्हणजे खातेदाराचा नंबर, कुठला दिला? आमच्याकडे कोअर शॉपला साधा हेल्पर लागला तरी आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स घेतल्याशिवाय मस्टरवर नाव चढत नाही. आणि ती निळी फाईल! काका तिच्यात हळूच एक कागद सरकवतात, आजी न वाचता सही करतात, ढोल वाजतात आणि कंपनी काकांची होते. अहो, कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर एसएच-४ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, साक्षीदार, ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी, मग 60 दिवसांच्या आत तो कंपनीत दाखल करायचा. हे सगळं मी एकदा आत्तीला नीट समजावून सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "त्या फॉर्मात ती पोरगी हाय का?"

"नाही."

"मग गप बस की."

त्या मालिकेतलं ऑफिस म्हणजे नुसती काच. कंपनी नक्की काय बनवते हे पाच महिन्यांत कळलेलं नाही. 'डील' बनवते बहुतेक. आमच्यात भट्टीतून 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओतत असतात तेव्हा मालक स्वतः तिथं उभा असतो, आणि वाळूनं माखलेल्या त्याच्या शर्टावरून तो मालक आहे की मोल्डर, हे नवख्याला खरंच कळत नाही. वेष पालटायची गरजच नाही.

पण खरी अडचण ऑफिसाची नाही, गावाची आहे. हे चष्म्याचं सोंग कोल्हापुरात एक दिवस टिकणार नाही. इथं तोंडाला रुमाल गुंडाळून गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला उभे राहा, शेजारचा माणूस गाडीकडे बघून म्हणणार, "कुणाचं रं तू?" तुम्ही खोटं नाव सांगितलंत तर पुढचा प्रश्न तालमीचा. तालीमही खोटी सांगितलीत तर तो त्याच तालमीचा निघणार. उद्योगपतीच्या कन्येनं केबिनमधल्या मित्राबद्दल एकदा जरी चौकशी केली असती तरी त्याचं घर, आजोळ आणि मोडलेलं लग्न दुपारच्या चहापर्यंत तिच्या हातात पडलं असतं.

आत्तीला हे कळत नाही असं नाही. तिचा सगळा जन्म मंगळवार पेठेत गेलाय; पायांच्या आवाजावरून ती दारात कोण आलंय ते सांगते. तरीही चष्म्याला ती शरण जाते. मी फार खोडी काढली की ती 'मानापमाना'चा दाखला देते. 1911 साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक. गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी श्रीमंत भामिनी, पुढे वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याच जवळ राहते आणि त्याला पत्ता लागत नाही. 1921 साली दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त प्रयोगात तर धैर्यधर झाले होते आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. म्हणजे बाई झालेला पुरुष, आणि त्या बाईनं घेतलेलं दुसऱ्या बाईचं सोंग. "तवा कुणी इचारलं का, मस्टरवर नाव कसं चढवलं म्हणून?" आत्ती म्हणते. तिथं माझं अकाउंट्स संपतं. चष्म्याला निदान पदं तरी येत असती तर, एवढंच मी पुटपुटतो.

आता कोल्हापुरात ओळख लपत नाही हे मी छातीठोकपणे म्हणालो खरं, पण त्याला एक अपवाद आहे. आडनाव पाटील असेल तर लपते. आमच्या कंपनीत तर फोनवर 'पाटलांना द्या' म्हटलं की ऑपरेटर 'कुठला पाटील?' असं विचारून मगच श्वास घेतो. डिस्पॅच पाटील, बुलेट पाटील, स्टोअर पाटील. यातल्या डिस्पॅच पाटलाचं आणि क्वालिटीतल्या एका मुलीचं जमलेलं होतं, हे त्या दोघांना सोडून सगळ्या कंपनीला माहीत होतं. त्या मुलीनं एका गुरुवारी घाईत मेसेज टाकला: "सहाला रंकाळा. संध्यामठाच्या बाजूला. नक्की ये." आणि बोट पडलं स्टोअर पाटलांवर.

स्टोअर पाटील रिटायरमेंटला टेकलेले. दोनच दिवसांपूर्वी मुलानं आईला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला होता आणि तो पाटलांनी सेव्ह केलेला नव्हता. अनोळखी नंबर, त्यात रंकाळा. त्यांना वाटलं, बायकोच. 'नक्की ये' वाचून ते थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले म्हणे. तीस वर्षांत बायकोनं 'अवो'च्या पुढे मजल मारली नव्हती. पहिल्यांदा एकेरीत बोलावलं होतं. गजरा घेऊन ते पावणेसहालाच हजर.

सहाला क्वालिटीतली पोरगी आली. "काका, तुम्ही?" दोघांनी आपापला फोन बघितला. मालिकेत यावर तीन आठवडे गेले असते, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा गेला असता. इथं पाटलांनी आधी डिस्पॅच पाटलाला फोन लावून बोलावून घेतलं, मग बायकोला लावला: "रिक्षा करून रंकाळ्यावर ये. उगंच. काय न्हाई, भेळ खायाची हाय." ती आली. गजरा तिच्याच केसांत गेला. डिस्पॅच पाटलाचं पुढं त्याच पोरीशी रीतसर लग्न झालं. स्टोअर पाटील तेव्हापासून दर गुरुवारी बायकोला रंकाळ्यावर नेतात. हे त्यांनी मला कॅन्टीनमध्ये, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून सांगितलं. म्हणून इथं नुसतं आडनाव लिहिलंय. तेवढी सोय त्या आडनावात आहे.

शपथ होती तरी काल आत्तीला सांगितलंच, जाहिराती लागल्या होत्या तेव्हा. जाहिराती संपल्या. चष्म्यातला मालक आणि त्याची साहेब लिफ्टमध्ये अडकले होते, दिवे गेले होते, चष्मा खाली पडला होता. पाच महिन्यांची वाट बघणं इथं फळाला येणार होतं. आत्तीनं रिमोट उचलून आवाज बंद केला.

"म्हंजे पाटलिणीला अजून ठावं न्हाई?"

"न्हाई."

"मेसेज तिचा न्हवता हे बी?"

"कसला मेसेज हेच तिला ठावं न्हाई."

"आनि त्यो दर गुरवारी नेतोय तिला."

"दर गुरुवारी. संध्यामठाच्या बाजूलाच बसतात."

तिकडे साहेबबाईंनी अंधारात चष्मा शोधून कारकुनाच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. आत्तीचं लक्षच नव्हतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होती.

"उद्या गुरवार," ती म्हणाली. "मला घिऊन चल रंकाळ्यावर. लांबनंच बघू."