लाल रंग आधी उडतो

मे महिना. कोकणातल्या एका रसायन कारखान्यात सगळ्या सुरक्षा पाट्या तपासून, कुठे काय बदलायचं ते ठरवून द्यायचं काम आमच्याकडे होतं. टँक फार्मला, म्हणजे रसायनांच्या साठवण टाक्यांच्या आवारात पोचलो तेव्हा टोल्युइन या ज्वलनशील सॉल्व्हंटचा (विद्रावकाचा) टँकर रिकामा होत होता. अर्थिंगचा क्लॅम्प लावलेला, होज जोडलेला, चाकांखाली ठोकळे, सगळं जागच्या जागी. टँकरचा क्लीनर मात्र होजपासून दोन पावलांवर उभा राहून मोबाइलवर बोलत होता. त्याला बाजूला घेतलं, तर त्याने शांतपणे वरच्या पाटीकडे बोट केलं.

"साहेब, फोनचा बोर्ड लावलाय ना इथे."

पाटी खरंच होती. पांढऱ्या पृष्ठभागावर काळं, ठसठशीत मोबाइलचं चित्र. भोवतीचं लाल वर्तुळ आणि तिरकी लाल पट्टी उन्हाने पार उडाली होती. पट्टी जिथून जात होती तिथे फोनच्या चित्रात एक पांढरी फट तेवढी उरली होती. खालचा मजकूरही लाल अक्षरांत छापलेला, त्यामुळे तोही गेलेला. पहिल्यांदाच त्या कारखान्यात आलेल्या माणसाने ती पाटी 'इथे फोनवर बोला' अशी वाचली, यात त्याचा काहीही दोष नव्हता.

पुढचा सगळा दिवस आम्ही एकच गोष्ट शोधत फिरलो: कुठल्या पाटीतलं काय आधी गेलंय, आणि उरलेली पाटी आता काय सांगतेय. त्याच भिंतीवर, त्याच ठेकेदाराने लावलेली 'हेल्मेट घाला' ही निळी पाटी जवळपास नवी दिसत होती. ज्वलनशील पदार्थाच्या पिवळ्या त्रिकोणाचा पिवळा पांढुरका झाला होता, पण काळी किनार आणि काळी ज्योत शाबूत असल्याने धोका कळत होता. पूर्ण उलटा अर्थ झाला होता तो फक्त मनाईच्या पाट्यांचा. पेटलेल्या सिगारेटचं चित्र उरलं होतं, उघड्या ज्योतीचं उरलं होतं, मनाई कुठेच उरली नव्हती.

याचं कारण शाईत आहे. डिजिटल छपाईत लाल हा मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा मिळून होतो, आणि ऊन सोसण्यात चार शायांपैकी याच दोन सर्वांत कच्च्या. सायन (आकाशी) शाईतलं रंगद्रव्य थॅलोसायनिन वर्गातलं असतं, काळ्या शाईत कार्बन ब्लॅक असतो. ही दोन्ही उन्हाला सहसा दाद देत नाहीत. शिवाय लाल रंग लाल दिसतो तोच मुळी निळा-हिरवा प्रकाश शोषून, म्हणजे जास्त ऊर्जेचा भाग तो स्वतःत घेतो आणि त्याचे रेणू तुटत जातात. आता सुरक्षा चिन्हांची रचना आठवा. आयएसओ ३८६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मनाईच्या चिन्हात किमान ३५ टक्के क्षेत्र लाल असायला हवं. चित्र काळं आणि त्यावरून जाणारी पट्टी लाल. म्हणजे अर्थ फिरवणारा भाग सर्वांत नाजूक शाईत, आणि ज्याला मनाई आहे ती वस्तू सर्वांत चिवट शाईत. त्यामुळे पाट्या निवडताना मी मनाईच्या पाटीवरून मोजमाप करतो. तिचा लाल टिकला तर बाकीच्या टिकतातच.

कारखान्यातल्या पाट्यांचा इतिहास नेहमीचाच होता. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्याआधी घाईघाईत फ्लेक्स, सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) आणि सनपॅकच्या (पोकळ नळ्यांच्या प्लास्टिक शीटच्या) पाट्या बनतात, दुतर्फा टेपने किंवा पांढऱ्या नायलॉन टायने लावल्या जातात, मग एप्रिल-मेचं ऊन आणि जूनपासून तीन हजार मिलीमीटरच्या वरचा पाऊस. सनबोर्ड उन्हात खडूसारखा भुसभुशीत होतो. सनपॅकच्या नळ्यांमध्ये पाणी आणि शेवाळ शिरतं. पांढरे नायलॉन टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात. काळे, यूव्ही-स्थिर (उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकतील असे) केलेले टाय त्यामानाने कितीतरी जास्त टिकतात आणि किमतीत फारसा फरक नसतो. आठवड्याभराच्या कार्यक्रमाला हे साहित्य ठीक आहे, कायमच्या पाटीला नाही.

टँक फार्मसाठी आम्ही ठरवलेली पाटी अशी: २ मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा, कोपरे गोल, कडा घासलेल्या. त्यावर पांढरी कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली, व्हिनाइल फिल्म. लाल वर्तुळ आणि पट्टी छापायची नाही; आरपार लाल रंगद्रव्य असलेल्या कास्ट फिल्ममधून प्लॉटरवर (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापून चिकटवायची. काळं चित्र तसंच. सगळ्यावर फ्लोरोपॉलिमर या रसायनं सोसणाऱ्या प्लास्टिकचं पारदर्शक लॅमिनेशन, पत्र्याच्या टोकापर्यंत. कापीव फिल्ममध्ये रंग फिल्मच्या अंगातच असल्याने तो छपाईच्या पातळ थरापेक्षा खूप जास्त टिकतो, आणि लॅमिनेशन यूव्हीही अडवतं, सॉल्व्हंटचे शिंतोडेही.

व्हिनाइल म्हटलं की सगळं सारखं वाटतं, आणि कोटेशनमध्येही बहुधा नुसतं 'इम्पोर्टेड व्हिनाइल' एवढंच लिहिलेलं असतं. तीन प्रकारच्या फिल्म वेगळ्या ओळखाव्या लागतात. मोनोमेरिक कॅलेंडर्ड (रुळांमधून दाबून काढलेली) सर्वांत स्वस्त. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ झिरपून जातो, फिल्म आकसते, आणि स्टिकरच्या कडेने गमाची चिकट, काळी धूळ धरलेली रेघ दिसायला लागते. ती रेघ दिसली की फिल्म कोणती ते विचारायची गरज नाही. पॉलिमेरिक कॅलेंडर्ड त्याहून बरी. कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉनची, कॅलेंडर्डपेक्षा पातळ, पण ताण न देता ओतून बनवलेली असल्याने आकसत नाही. ठेकेदाराकडून फिल्मची डेटाशीट मागावी आणि त्यावरची वर्षं कोणत्या हवामानासाठी आणि उभ्या की आडव्या पृष्ठभागासाठी दिली आहेत ते वाचावं. ती बहुतेक वेळा सौम्य हवामानातल्या उभ्या पाटीची असतात. आपल्या उन्हात, त्यातही कलत्या किंवा आडव्या पृष्ठभागावर, तेवढ्या वर्षांची आशा धरू नये.

सॉल्व्हंटची परीक्षा प्रयोगशाळेत, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून केली. ज्या विभागात पाटी लागणार तिथलंच सॉल्व्हंट घ्यायचं, सुती कापड त्यात भिजवायचं, नमुन्यावर पुढे-मागे ५० वेळा घासायचं. लॅमिनेशन नसलेली छपाई टोल्युइनने थोड्याच घासण्यांत कापडावर उतरली. ॲक्रिलिकची पाटी ॲसिटोनने धुरकट झाली आणि तिला केसासारख्या भेगा गेल्या. पॉलिकार्बोनेट आघाताला दणकट, पण या सॉल्व्हंटांपुढे तेही टिकत नाही. म्हणून 'अनब्रेकेबल' हा शब्द ऐकून ते टँक फार्मला घेऊ नये.

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या साठवणीजवळ हिशेब पूर्ण बदलला. तिथे जुन्या ॲल्युमिनियमच्या पाट्यांना पांढरी भुकटी सुटली होती आणि रिव्हेटच्या भोवती पत्रा खाऊन छिद्रं मोठी झाली होती. जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पत्र्याची जस्ताची कल्हई तर आम्लाच्या वाफेत सर्वांत आधी जाते. 'मग स्टेनलेस लावू' असं परचेसने सुचवलं. स्टेनलेसचा नेहमीचा ३०४ हा प्रकार तिथे चालतच नाही आणि त्याहून भारी ३१६ लासुद्धा क्लोराइडमुळे खड्डे पडतात. तिथे एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) ३ मिलीमीटरची पाटी घेतली, जिच्यात चित्र रेझिनच्या थराखाली बंद असतं, आणि बोल्ट पीव्हीडीएफ या आम्ल आणि ऊन दोन्ही सोसणाऱ्या प्लास्टिकचे. पीपीचे (पॉलिप्रोपिलीनचे) बोल्ट स्वस्त पडतात, आम्लही सोसतात, पण उघड्यावरच्या उन्हात ठिसूळ होतात. पाटी आम्ल सोसणारी आणि बोल्ट साधे लोखंडी, हा प्रकार इतक्या ठिकाणी दिसतो की ऑर्डरमध्ये बोल्ट-वॉशर वेगळ्या ओळीत लिहावेत असा माझा आग्रह असतो. इतरत्र, आम्लाची वाफ नसेल तिथे, ॲल्युमिनियमला स्टेनलेस बोल्ट चालतो, पण दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. खाऱ्या, दमट हवेत त्यांचा थेट स्पर्श झाला की ॲल्युमिनियम झिजतो.

तिथल्याच एचडीपीईच्या (घट्ट पॉलिइथिलीनच्या) टाक्यांवर स्टिकर लावले होते आणि ते सगळे वरून सुटून खाली वाकले होते. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या पृष्ठभागावर नेहमीचा गम धरत नाही, कितीही पुसून लावा. खास गम मिळतो, पण टाकी उन्हात फुगते-आकसते, त्यामुळे आम्ही स्टिकरचा नाद सोडला. पाटी डाइकच्या (टाक्यांभोवती गळती अडवणाऱ्या बांधाच्या) भिंतीवरच्या स्वतंत्र खांबाला लावली. टाकी बदलली तरी पाटी जागेवर राहते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो तयार मालाच्या गोदामात. तिथे बाहेर जाण्याच्या वाटेच्या हिरव्या, अंधारात चमकणाऱ्या पाट्या होत्या, रंग शाबूत, चिकटलेल्याही पक्क्या. दिवे बंद करून पाहिलं तर त्या जेमतेम चमकल्या आणि थोड्याच वेळात दिसेनाशा झाल्या. इथे दोन कारणं एकमेकांत मिसळली होती. एक, अशा पाट्यांमध्ये जुन्या पद्धतीचं झिंक सल्फाइड असू शकतं, जे लवकर विझतं. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट कित्येक तास चमक धरतं. दोन, ऊर्जाबचतीसाठी गोदामात हालचाल ओळखून लागणारे दिवे बसवले होते. माणूस नसेल तेव्हा दिवे बंद, म्हणजे पाटीवर प्रकाश पडतच नव्हता. अशी पाटी स्वतः प्रकाश तयार करत नाही, आधी घेतलेला परत देते. रात्रपाळीत फोर्कलिफ्टवाला आत शिरला, दिवे लागले आणि दोन मिनिटांत वीज गेली, तर पाटीत देण्यासारखं काहीच नसतं. तिथे चांगल्या दर्जाची पाटी घेऊनही प्रश्न सुटला नसता. वाटेवरचे दिवे सेन्सरमधून काढून कायम चालू ठेवायला सांगितले आणि दाराच्या डोक्यावर बॅटरीचा आतून उजळणारा दिवा. बाकी वळणांवर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या पाट्या, कडा बंद केलेल्या, कारण ते रसायन ओलाव्याने खराब होतं. अशा पाट्या घेताना १० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी किती चमक उरते त्याचे आकडे मागावेत. नुसतं 'ग्लो' लिहिलेलं असेल तर घेऊ नये.

आकाराची चूक गेटवर सापडली. बाहेरच्या वाटेवरून २५ मीटरवरून वाचता यावी म्हणून लावलेली पाटी १५० मिलीमीटर उंचीची होती. चांगल्या उजेडात चिन्हाच्या उंचीच्या साधारण १०० पट अंतरापर्यंत ते ओळखता येतं, म्हणजे ही पाटी १५ मीटरपर्यंतचीच. २५ मीटरला किमान २५० मिलीमीटरचं चिन्ह हवं. आम्ही ३०० घेतलं. हा हिशेब चिन्हाचा आहे, मजकुराचा नाही. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने त्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर लहान उरतं, आणि रात्री परावर्तक फिल्मवर उजेड पडला की बारीक अक्षरांची पोकळी भरून येते. म्हणून अक्षर जाड पण मोकळं घ्यावं, ओळी दोनच ठेवाव्यात. छापण्याआधी प्रूफ कागदावर काढून एखाद्या कामगाराकडून मोठ्याने वाचून घ्यावं, कारण छापखान्यात फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात आणि संगणकावर बसलेल्या मुलाच्या ते लक्षात येत नाही. त्या कारखान्यात कंत्राटी कामगार बरेचसे मराठीखेरीज इतर भाषांचे होते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १०८ मध्ये सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात असं स्पष्ट लिहिलं होतं. पण टँकरचा क्लीनर कोणत्या प्रांतातून येईल ते सांगता येत नाही. तिथे आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या मानकातलं चित्रच काम करतं, आणि म्हणून मजकुरापेक्षा चित्राच्या रंगावर खर्च करावा.

बसवण्यात दोनच गोष्टी आम्ही उभं राहून करून घेतल्या. लांब पाट्यांना भोकं लांबट पाडली, कारण एक मीटरची पॉलिकार्बोनेट शीट ४० अंशांच्या फरकात अडीच मिलीमीटरहून जास्त वाढते आणि गोल भोकात घट्ट आवळलेली पाटी बोल्टपाशी तडकते. आणि जिथे एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेली) वापरली तिथे तिच्या कापलेल्या कडा दुमडून घेतल्या, नाहीतर पावसाचं पाणी थरांमध्ये शिरतं. एसीपीचा साधा गाभा पॉलिइथिलीनचा असतो आणि तो जळतो, म्हणून जिन्यात आणि सुटकेच्या वाटेवर ती वापरली नाही.

ऑर्डरमध्ये 'टिकाऊ' हा शब्द कुठेही ठेवला नाही. पत्र्याची जाडी, फिल्मचा प्रकार, लाल रंग कापीव की छापील, लॅमिनेशन, बोल्टचा धातू, आणि आयएसओ १७३९८ या सुरक्षा पाट्यांच्या टिकाऊपणाच्या मानकाखाली चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल, एवढं लिहिलं. प्रत्येक प्रकारची एक जादा पाटी मागवली. ती स्टोअरच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून लावायची, अर्धा भाग जाड ॲल्युमिनियम फॉइलने झाकायचा, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये फॉइल काढून दोन्ही अर्धे शेजारी पाहायचे. लाल रंगात फरक डोळ्याला दिसला तर त्या प्रकारच्या सगळ्या पाट्या ठेकेदाराने बदलून द्यायच्या. बिलाचा दहावा हिस्सा तोपर्यंत रोखलेला. जुनी पाटी उतरवल्याशिवाय तिथे नवी लावायची नाही, आणि उतरवलेला पीव्हीसी (फ्लेक्स, सनबोर्ड, व्हिनाइल हे याच प्लास्टिकचं) कारखान्याच्या मागे जाळायचा नाही, कारण त्याच्या धुरातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. तो मोजून, गोण्यांत भरून भंगारवाल्याकडे पावतीनिशी द्यायचा.