उन्हाळ्यातली हाक

मे महिन्यातल्या दुपारी वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारून पाहा. घसा बसतो, पण पलीकडचा माणूस मान वर करत नाही. जवळ गेलं की वर तोच म्हणतो, "काऊन गा, आवाज तं द्याचा!" आणि हिवाळ्यात रात्री हरभऱ्याच्या जागलीला, म्हणजे राखणीला, माळ्यावर बसावं, तर पलीकडच्या गावातल्या भजनाची खंजिरी ठेक्यासकट ऐकू येते.

गंमत म्हणजे ध्वनिलहरींना घाई असते ती उन्हाळ्यातच. शून्य अंशाला त्या हवेतून सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातात. पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी ३५८ आणि १० अंशांच्या रात्री ३३७. जास्त वेगाने धावते तीच हाक पोचत नाही!

धावतो तो नुसता रेटा. हवेचा कण शेजारच्याला ढकलतो आणि आपल्या जागी परततो. भजन म्हणणाऱ्याच्या तोंडची हवा काही माळ्यापर्यंत येत नाही. (बरंच आहे, गालात तंबाखूचा खर्रा असतो.)

दुपारी जमीन भाजून निघते. तिच्यालगतची हवा सगळ्यांत तापलेली, वर जावं तशी कमी. त्यामुळे लहरीचा खालचा भाग पुढे सरतो, वरचा रेंगाळतो. जोडीतला एक बैल चपळ आणि दुसरा सुस्त असला की वखर सुस्त बैलाकडे वळतो ना, तशी ही लहर आभाळाकडे वळते. हाक चक्क डोक्यावरून निघून जाते. हिवाळ्यात आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन लवकर निवते. गार हवा खाली, त्यामानाने ऊबदार वर. मग वर निघालेला आवाजही वाकून वावरात उतरतो.

जागलीवरच्या माणसाला कारण विचारलं तर तो म्हणेल, "वारा तिकडचा हाय ना गा." तेही खरंच. वारा जमिनीलगत झाडाझुडपांत अडखळतो, उंचावर मोकळा सुटतो. म्हणून वाऱ्यासोबतचा आवाज खाली वाकतो, वाऱ्यासमोरचा वर उचलला जातो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी हे १८५७ मध्ये मांडलं.

अलीकडे रोही (नीलगायी) आणि डुकरं हाकलायला लोक वावरात बॅटरीवरचा भोंगा लावतात. त्यात कुत्र्याचं टेप केलेलं भुंकणं रात्रभर चालू. डुकरं त्याला किती भितात देव जाणे, पण थंडीत ते भुंकणं थेट शेजारच्या गावात उतरतं आणि तिथली खरी कुत्री पहाटेपर्यंत त्याच्याशी भांडत बसतात.