हॅलो, येतोय का आवाज?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात भर दुपारी चार माणसं मोठ्यानं बोलत असतात आणि चौघांचेही हात रिकामे. कानात बिनतारी हेडसेटची बोंडं. त्यातल्या तिघांचं वाक्य एकच : "हॅलो, येतोय का आवाज?"

बिनतारी हेडसेट घेताना दुकानात गाणं लावून बघतात, इथंच गाडी चुकते. गाणं ऐकणं आणि फोनवर बोलणं ही ब्लूटूथची दोन वेगळी कामं. माइक चालू झाला, की सेकंदाला घेतले जाणारे आवाजाचे 44,100 नमुने बहुतेक हेडसेटमध्ये 16,000 वर येतात, जुन्यांत 8,000 वर. नमुने कमी, म्हणून वरचे बारीक सूर गेले, उरला डब्यातला आवाज. म्हणून दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन लावावा आणि पलीकडच्याला विचारावं.

खोक्यावरचं 'नॉइज कॅन्सलेशन', म्हणजे भोवतालचा गोंगाट दाबायची सोय, बहुधा आपल्या कानापुरतं असतं. पलीकडच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यातही ते पंख्याची, रेल्वेची एकसुरी घरघर छान गिळतं, पण यंत्रमागाचा खटका किंवा रिक्षाचा हॉर्न त्याच्या हाती लागत नाही. पलीकडे आवाज स्वच्छ जायला माइक तोंडाजवळ हवा. बोंडातला माइक राहतो कानापाशी. ती जुनी, गालावर येणारी माइकची काडी दिसायला ध्यान. पण बोलण्यासाठी तिच्यासारखं दुसरं नाही, हे माझं ठाम मत.

आवाज तुटतो तो पुष्कळदा खिशामुळे. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं. फोन पँटच्या उजव्या खिशात आणि हेडसेट डाव्या कानात, म्हणजे मधे सगळा देह आडवा. एकाच बाजूला ठेवा, फरक लगेच कळतो. ब्लूटूथचा 10 मीटरचा पल्ला मोकळ्या जागेतला.

स्पर्शानं चालणाऱ्या बटणांबद्दल न बोललेलं बरं. हेल्मेट घासलं की फोन कट. दाबायचं बटण हवं, घामेजल्या बोटालाही सापडणारं.

खोक्यावरचं 'आयपीएक्स 4' म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. त्यातला एक्स सांगतो की धुळीची परीक्षा झालेलीच नाही. टॉवेलच्या कारखान्यात सुताचा बारीक धुरळा माइकच्या भोकात बसतो आणि आवाज घोगरा होतो. टाचणी घालू नये, आतला पडदा फाटतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झटकावं. आणि मे महिन्यात हेडसेट स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करायची नसते, अन् इथं सावलीतच पारा 43 गाठतो. हेडसेटची तापलेली डबी आधी गार होऊ द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालू असताना फोन आला, तर कामगार सरळ शेडबाहेर येतो, फोन कानाला लावतो आणि बोलतो. त्याचा माइक तोंडापाशीच असतो.