क्रिकेटच्या गप्पांत तिचीच परीक्षा का?

क्रिकेटप्रेमींच्या ऑनलाइन गटांत एखाद्या बाईने पावसाने व्यत्यय आलेल्या सामन्याचे लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस नियमावर मत मांडले, की ‘आधी सिली पॉइंट कुठे असतो ते सांगा’ असा क्षेत्ररक्षकाच्या जागेबद्दलचा प्रश्न हमखास येतो. पुरुषाची अशी परीक्षा कोणी घेत नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकल्यावर अभिनंदनाचा पूर आला खरा, पण सांगलीच्या स्मृती मानधनाच्या फलंदाजीपेक्षा दिसण्यावरच बोलणारे महाभाग (त्यांना खेळ कितपत कळतो, देव जाणे) अजूनही भेटतात. माझ्या मते गटचालकांनी बायकांच्या तक्रारीची वाट न पाहता अशी शेरेबाजी तिथल्या तिथे थांबवावी आणि महिलांच्या सामन्यांना वेगळा कोपरा न देता त्यांची चर्चा मुख्य गप्पांतच होऊ द्यावी.