घोडीच्या पाठीवरची २० मिनिटे

आज सकाळी माझ्या ७ वर्षांच्या भाच्याला घेऊन पुण्याजवळच्या एका अश्वशाळेत घोडेस्वारीच्या उपचारासाठी गेलो होतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. मांड्यांचे स्नायू इतके ताठ असतात की उभे केल्यावर त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. खोगिराऐवजी जाड गादी बांधून त्याला घोडीवर बसवले. पुढे मोतद्दार, दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंची नजर सतत त्याच्या कंबरेवर.

त्यांनी समजावले की घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत अशी हलते, बसणाऱ्याच्या कंबरेला जवळजवळ माणसाच्या चालण्याचीच लय मिळते, आणि त्यामुळे ज्या मुलाने स्वतःच्या पायांनी चालणे कधी अनुभवलेलेच नाही, त्याच्या धडालाही पावलागणिक तोल सावरावा लागतो. घोडीच्या अंगाची ऊब आणि पाय फाकवून बसणे यांमुळे ताठरपणाही काही वेळ सैलावतो. मेंदूला झालेली इजा याने भरून येत नाही, नेहमीचे व्यायाम सुटत नाहीत, आणि खुब्याचा सांधा जागेवर आहे ना, हे आधी एक्स-रे काढून पाहावे लागते, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले होते. परतताना मला त्यांचीच आठवण येत होती. भाचा मात्र घोडीच्या मानेवर टेकवलेला हात काढायला तयार नव्हता.